स्वतःची मराठी असेम्ब्ली असलेलं छोटं व्हर्च्युअल मशीन कसं डिझाइन करायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. थर्ड इयर कॉम्प्युटरचा मुलगा आहे, सी बऱ्यापैकी येतं, स्वतःचं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला प्रोसेसर) बनवायचंय, त्याची असेम्ब्ली, म्हणजे एका ओळीत एक इन्स्ट्रक्शन अशी भाषा, मराठीत हवी आणि पुढेमागे त्यावर एक छोटी भाषा चढवायची आहे. नव्वदेक इन्स्ट्रक्शनची यादी करून झालीय, त्यातल्या बऱ्याचशा इंटेलच्या जुन्या ८०८६ प्रोसेसरवरून घेतलेल्या. आता विचारतोय की स्टॅक मशीन (आकडे एकावर एक रचून वरच्यांवर काम करणारं) की रजिस्टर मशीन (आकडे ठरलेल्या खणांत ठेवणारं), इन्स्ट्रक्शन किती असाव्यात आणि असेम्बलर, म्हणजे असेम्ब्लीचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम, लिहायचा कसा.

अरे-तुरे करतोय, चालवून घे. मी कंट्रोलरच्या आत बसणारे छोटे इंटरप्रीटर लिहितो, म्हणजे कस्टमरला मशीनचं लॉजिक बदलायचं असेल तर पूर्ण फर्मवेअर न बदलता नुसती बाइटकोडची (व्हीएमला कळणाऱ्या आकड्यांतल्या प्रोग्रॅमची) फाइल बदलून काम व्हावं असले प्रकार. त्यामुळे माझा कल साधं आणि न कोसळणारं याकडे आहे, सगळ्यात फास्ट याकडे नाही, हे धरून पुढचं वाच.

पहिली गोष्ट, ती नव्वदची यादी बाजूला ठेव. ८०८६ मध्ये सेगमेंट रजिस्टर आहेत, पोर्टसाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत, बीसीडी (दशमान अंक वेगवेगळे साठवायची पद्धत) बेरजेनंतर आकडा दुरुस्त करायची वेगळी इन्स्ट्रक्शन आहे, हे सगळं त्या काळच्या चिपच्या आणि मेमरीच्या अडचणीतून आलंय आणि तुझ्या व्हीएमला त्यातली एकही अडचण नाही. आपल्याकडे कॉलेजात असेम्ब्ली म्हणजे ८०८५ या जुन्या प्रोसेसरचं किट, वहीत प्रोग्रॅम लिहायचा, टेबलमध्ये बघून हेक्स कोड काढायचा आणि कीपॅडवर टाइप करायचा, त्यामुळे डोक्यात बसतं की असेम्ब्ली अशीच दिसते. तशी असायची काही गरज नाही. उलटं कर. आधी कागदावर पाच-सहा प्रोग्रॅम लिही, मसावि, फॅक्टोरियल रिकर्शनने, अ‍ॅरे सॉर्ट, स्ट्रिंग उलटी करणं, असे, आणि तुझी असेम्ब्ली आधीपासून आहेच असं समजून लिही. लिहिताना जी इन्स्ट्रक्शन नसेल तर अडतंय तेवढीच यादीत घ्यायची. पंचवीस-तीसच्या वर आकडा जाणार नाही बघ. चिप-८ नावाच्या जुन्या छोट्या व्हीएममध्ये ३५ इन्स्ट्रक्शन होत्या आणि त्यावर लोकांनी गेम्स लिहिले. स्टीव्ह वॉझनियॅकने अ‍ॅपल-२ साठी स्वीट-१६ नावाचं व्हीएम केलं होतं, ८ बिटच्या ६५०२ प्रोसेसरवर १६ बिटचं काम सोपं व्हावं म्हणून, ते अख्खं जवळपास ३०० बाइटमध्ये बसायचं.

स्टॅक की रजिस्टर, याच्यावर लोक इंटरनेटवर तावातावाने भांडतात पण तुझ्या केसमध्ये उत्तर सरळ आहे. रजिस्टर मशीनला एकूण इन्स्ट्रक्शन कमी लागतात, दोन लोकल व्हेरिएबलची बेरीज करून तिसऱ्यात ठेवायची तर तिथे एक इन्स्ट्रक्शन आणि स्टॅकवर चार, म्हणून तर लुआ या भाषेने २००३ साली ५.० मध्ये रजिस्टर धरलं आणि अँड्रॉइडचं डाल्विक हे व्हीएमही रजिस्टरवालंच होतं. शिवाय हाताने असेम्ब्ली लिहायला रजिस्टर मशीन जास्त सुखाचं आहे हे कोणी फारसं सांगत नाही, स्टॅकवर आत्ता वर काय आहे हे सतत डोक्यात धरायला लागतं. पण तुला पुढे कंपायलर लिहायचाय, आणि स्टॅक मशीनसाठी कंपायलर म्हणजे एक्स्प्रेशनचं ट्री खालून वर फिरत जायचं आणि जाता जाता इन्स्ट्रक्शन ओकायच्या, बास. कोणतं व्हेरिएबल कोणत्या रजिस्टरमध्ये हा प्रश्नच येत नाही. जेव्हीएम (जावाचं), सीपायथॉन (पायथॉनचं), वेबअसेम्ब्ली (ब्राउझरमधलं) सगळे स्टॅकवाले आहेत. पायथॉन असेल मशीनवर तर दोन ओळींचं फंक्शन लिही आणि पायथॉनच्याच डिस नावाच्या मॉड्यूलने त्याचा बाइटकोड बघ, अर्ध्या तासात कल्पना येईल. तू स्टॅक घे.

आता इन्स्ट्रक्शनचा फॉरमॅट. लोक इथे एक बाइटचा ऑपकोड (कोणती इन्स्ट्रक्शन तो नंबर) आणि मग शून्य, एक, दोन किंवा चार बाइटचा ऑपरँड (ती कशावर चालवायची तो आकडा) असं करायला जातात कारण जेव्हीएममध्ये तसं आहे. पहिल्या व्हीएमला मी सांगेन की प्रत्येक इन्स्ट्रक्शन ३२ बिटचा एक शब्द, खालचे ८ बिट ऑपकोड आणि वरचे २४ बिट ऑपरँड, ज्याला ऑपरँड नको त्याचे २४ बिट शून्य. जागा वाया जाते, जाऊ दे. बदल्यात काय मिळतं बघ: प्रोग्रॅम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कोणती ते सांगणारा आकडा) म्हणजे अ‍ॅरेचा साधा इंडेक्स, लेबलचा पत्ता म्हणजे इन्स्ट्रक्शनचा नंबर, आणि कोणी इन्स्ट्रक्शनच्या मधल्या बाइटवर उडी मारूच शकत नाही, हा एक अख्खा बगचा प्रकारच गेला. २४ बिटात -८३,८८,६०८ ते ८३,८८,६०७ बसतात, त्याहून मोठा आकडा हवा असेल तर फाइलमध्ये एक वेगळं कॉन्स्टंट टेबल ठेव आणि त्यातला कितवा ते ऑपरँडमध्ये दे. ऋण ऑपरँड काढताना मात्र साइन वाढवायला विसरू नकोस, -१ हा २४ बिटात १,६७,७७,२१५ असतो, तो तसाच वापरलास तर लूप भलतीकडेच जाईल. काढलेली किंमत ८३,८८,६०८ किंवा त्याहून मोठी असेल तर तिच्यातून १,६७,७७,२१६ वजा कर, सगळीकडे चालतं.

आणि ऑपकोड शून्यला काहीच नाव देऊ नको. ८०८५ मध्ये शून्य म्हणजे काही न करता पुढे जा, त्यामुळे प्रोग्रॅम भरकटून रिकाम्या मेमरीत गेला की तो निवांत घसरत पुढे जात राहतो आणि बिघाड कुठे झाला ते कळतच नाही. तुझ्याकडे शून्य दिसलं की लगेच एरर देऊन थांबायचं.

नमुना म्हणून मसावि असा दिसेल:

मुख्य:
    ढकल ४८
    ढकल १८
    बोलाव मसावि २
    हाक १    ; १ म्हणजे आकडा छाप
    थांब
मसावि:
    घे १
    शून्यजा संपलं
    घे १
    घे ०
    घे १
    बाकी
    ठेव १
    ठेव ०
    जा मसावि
संपलं:
    घे ०
    परत

१६ शब्द, ६४ बाइट, उत्तर ६. 'घे' आणि 'ठेव' म्हणजे लोकल वाचणं आणि लिहिणं, 'हाक' म्हणजे सीमधलं फंक्शन बोलावणं (खाली सांगतो), 'शून्यजा' वरचा आकडा काढतो आणि तो शून्य असेल तर उडी मारतो. 'बोलाव' ला फंक्शनचा पत्ता आणि आर्ग्युमेंट किती हे दोन्ही लागतं, म्हणून त्याच्या २४ बिटात खालचे १६ पत्त्याला आणि वरचे ८ संख्येला दिलेत. समज 'बोलाव' चा ऑपकोड २० आहे आणि मसावि पाचव्या नंबरवर आहे (शून्यापासून मोजून), तर तो शब्द होतो २० अधिक ५ गुणिले २५६ अधिक २ गुणिले १,६७,७७,२१६, म्हणजे ३,३५,५५,७३२. असे दोन-तीन शब्द एकदा हाताने करून बघ, नंतर असेम्बलरने तेच आकडे काढले की विश्वास बसतो.

फंक्शन कॉल हा सगळ्यात जास्त लोक अडकतात तो भाग आहे म्हणून जरा नीट सांगतो. दोन वेगळे स्टॅक ठेव, एक डेटाचा आणि एक कॉलचा. रिटर्न पत्ता डेटा स्टॅकवर ठेवायची पद्धत खऱ्या सीपीयूत आहे आणि त्यातूनच ते बफर ओव्हरफ्लोचे प्रसिद्ध हल्ले निघाले, तुला चिप बनवायची नाहीये त्यामुळे ती पद्धत घ्यायचं काही कारण नाही. 'बोलाव' आलं की कॉल स्टॅकवर दोन गोष्टी टाकायच्या, परत कुठे जायचं तो पत्ता आणि जुना बेस (बेस म्हणजे चालू फंक्शनचे लोकल डेटा स्टॅकवर जिथून सुरू होतात ती जागा). नवा बेस म्हणजे डेटा स्टॅकची सध्याची उंची वजा आर्ग्युमेंटची संख्या. झालं, आर्ग्युमेंट आपोआप लोकल ०, १, २ झाले, कुठे कॉपी करायची गरज नाही. अजून लोकल हवे असतील तर 'जागा ३' अशी एक इन्स्ट्रक्शन ठेव जी तीन शून्यं ढकलते. 'परत' आलं की वरची एक किंमत बाजूला काढायची, स्टॅक बेसपर्यंत खाली आणायचा, जुना बेस आणि पत्ता परत घ्यायचा आणि ती किंमत ढकलायची. फंक्शनने आत कितीही कचरा करून ठेवला असला तरी बाहेरच्याला नेमकी एकच किंमत दिसते. वरच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी 'जा मसावि' आहे ते यामुळेच चालतं, बेस लावायचं काम 'बोलाव' करतो, फंक्शनची पहिली ओळ नाही, म्हणून पहिल्या ओळीवर परत उडी मारली तरी काही बिघडत नाही.

रन लूपबद्दल फार लिहीत नाही कारण त्यात काही नाही. शब्द आण, काउंटर एकने वाढव (आधी वाढव, मग काम कर, म्हणजे उडीच्या इन्स्ट्रक्शनला नुसता काउंटर बदलायचा राहतो), ऑपकोड वेगळा कर, मोठं स्विच. शंभर-दीडशे ओळी. जीसीसीमध्ये लेबलचे पत्ते अ‍ॅरेत ठेवून थेट उडी मारायची सोय आहे आणि ती वापरली की वेग वाढतो असं वाचशील, जुन्या प्रोसेसरवर खूप फरक पडायचा, नव्यांचं ब्रँच प्रेडिक्शन सुधारल्यापासून तेवढा पडत नाही. आत्ता हात लावू नको. एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून कर: व्हीएमचं सगळं, म्हणजे काउंटर, दोन्ही स्टॅक, बेस, मेमरी, हे एका स्ट्रक्टमध्ये ठेव, ग्लोबल एकही नको, आणि रन करणाऱ्या फंक्शनला जास्तीत जास्त किती इन्स्ट्रक्शन चालवायच्या तो आकडा दे. तेवढ्या झाल्या की ते परत येईल आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू होईल. कंट्रोलरमध्ये हे नसेल तर कस्टमरने लिहिलेला एक अनंत लूप अख्खं मशीन गोठवतो. आणि हेच बजेट १ दिलं की तुझा स्टेप करणारा डीबगर फुकटात तयार.

मग वेळ कशात जातो? कोपऱ्यातल्या केसमध्ये. माझ्या मते डिझाइन म्हणजे तेवढंच आहे, बाकी सगळं टायपिंग. प्रत्येक इन्स्ट्रक्शनपुढे एक ओळ लिही की नीट चाललं तर काय होतं आणि दुसरी ओळ की नाही चाललं तर काय होतं, आणि ती दुसरी ओळ रिकामी राहिली की तिथे सी कंपायलर किंवा प्रोसेसर तुझ्या वतीने निर्णय घेऊन टाकतो.

भागाकारच घे. शून्याने भागणं सगळे तपासतात. पण ३२ बिटातली सगळ्यात लहान संख्या -२,१४,७४,८३,६४८ हिला -१ ने भागलं तर उत्तर ३२ बिटात मावतच नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर तुझं अख्खं व्हीएम क्रॅश होतं आणि लिनक्स वर फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन असा मेसेज देतं, जिथे फ्लोटिंग पॉइंटचा काही संबंध नाही. एआरएमवर (मोबाइलमध्ये असतात त्या प्रोसेसरवर) तोच कोड काही न बोलता तीच संख्या परत देतो. जावाने ठरवलंय की तीच संख्या परत द्यायची, वेबअसेम्ब्लीने ठरवलंय की ट्रॅप करायचा, म्हणजे एरर देऊन थांबायचं, दोन्ही चालेल, पण तू काहीतरी ठरव आणि भागण्याआधी तपास. ऋण संख्येची बाकीही तशीच, -७ ला ३ ने भागून सी म्हणतं बाकी -१ आणि पायथॉन म्हणतं २. शिफ्ट ठेवणार असशील तर ३२ घरं शिफ्ट केल्यावर काय? इंटेल खालचे पाच बिटच बघतो म्हणून संख्या जशीच्या तशी राहते, ३२ बिटच्या एआरएमवर शून्य येतं, आणि सीच्या स्टँडर्डप्रमाणे तू तो प्रश्न विचारायचाच नव्हतास. साध्या बेरजेतही साइन्ड ओव्हरफ्लो (उत्तर न मावणं) सीमध्ये अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी-गुणाकार अनसाइन्डमध्ये कर आणि उत्तर परत साइन्ड म्हणून वाच.

हे नाही ठरवलं की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण परत चिप-८ च. जोसेफ वाइसबेकरने ते सत्तरच्या दशकात केलं आणि १९७७ च्या आरसीए कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या कॉम्प्युटरवर ते चालायचं, ४०९६ बाइट मेमरी, प्रोग्रॅम ५१२ नंबरच्या बाइटपासून, ६४ बाय ३२ ची स्क्रीन. त्यातल्या शिफ्टच्या इन्स्ट्रक्शन मूळ मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच नव्हत्या, लोकांनी त्या शोधून काढल्या. मूळ मशीनवर त्या दुसऱ्या रजिस्टरची किंमत शिफ्ट करून पहिल्यात ठेवायच्या. मग १९९० मध्ये एचपी-४८ कॅल्क्युलेटरसाठी चिप-४८ आलं, त्यात पहिलंच रजिस्टर जागच्या जागी शिफ्ट व्हायला लागलं, आणि आता काही गेम्स एका पद्धतीने चालतात आणि काही दुसऱ्या, म्हणून आजही चिप-८ च्या इम्युलेटरमध्ये ही पद्धत की ती असं विचारणारी बटणं असतात. तुझं करायच्या आधी एक वीकेंड देऊन चिप-८ चा इंटरप्रीटर लिहून बघ असं मी सगळ्यांना सांगतो, ते यासाठीच.

जे तपासायचं त्यातलं निम्मं प्रोग्रॅम लोड करतानाच तपासता येतं. प्रत्येक शब्दाचा ऑपकोड ओळखीचा आहे ना, प्रत्येक उडी कोडच्या लांबीच्या आत आहे ना, 'हाक' चा नंबर टेबलात आहे ना, शेवटची इन्स्ट्रक्शन 'थांब', 'परत' किंवा 'जा' आहे ना (नाहीतर काउंटर अ‍ॅरेच्या बाहेर). फिक्स ३२ बिटचा शब्द असल्याने हा एक सरळ फॉर लूप आहे. हौस असेल तर स्टॅकची उंचीही आधीच तपासता येते, एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोचता येत असेल तर दोन्हीकडून उंची सारखी हवी, जेव्हीएमचा व्हेरिफायर हेच करतो. पण ते नंतर. तोवर ढकलताना आणि काढताना दर वेळी मर्यादा तपास, वेगाची चिंता सोड.

असेम्बलर. दोन पास कर, एका पासमध्ये करायची हुशारी नको. अडचण एवढीच की 'बोलाव मसावि २' ही चौथ्याच ओळीत येते आणि मसावि कुठे आहे ते तोपर्यंत माहीत नसतं. पहिल्या पासमध्ये फक्त मोजायचं, लेबल दिसलं की त्याचं नाव आणि सध्याचा नंबर टेबलात टाक, इन्स्ट्रक्शन दिसली की नंबर एकने वाढव. दुसऱ्या पासमध्ये शब्द तयार कर, आता सगळी लेबलं माहीत आहेत. एरर आली की पहिल्याच एररला थांबू नको, सगळ्या गोळा करून ओळ नंबरसकट दाखव. एकच लेबल दोनदा आलं तर एरर, वापरलंच नाही तर नुसती वॉर्निंग. आणि प्रत्येक शब्द कोणत्या ओळीतून आला ते एका समांतर अ‍ॅरेत ठेव आणि फाइलमध्येही लिही, म्हणजे व्हीएम मेलं तर 'ओळ १२: बाकी: शून्याने भागलं' असं म्हणेल. नुसता काउंटरचा आकडा बघून शोधत बसणं दोन दिवस मजेचं वाटतं.

इन्स्ट्रक्शनची माहिती एकाच टेबलात ठेव: नाव, ऑपकोड, ऑपरँडचा प्रकार, स्टॅकवरून किती काढते, किती ढकलते. असेम्बलर, डिसअसेम्बलर (आकड्यांची परत असेम्ब्ली करणारा), ट्रेस छापणारा, लोड करताना तपासणारा, सगळ्यांनी तेच टेबल वाचायचं. नवी इन्स्ट्रक्शन म्हणजे टेबलात एक ओळ आणि स्विचमध्ये एक केस. हे नाही केलं तर तीन ठिकाणी तीन वेगळे ऑपकोड व्हायला महिना लागत नाही.

आता मराठीचा भाग, याच्यावर तुला कुठे वाचायला फारसं मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. युटीएफ-८ (युनिकोडचा मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) ३ बाइटचं असतं आणि मात्रा हे वेगळं कोडपॉइंट आहे, त्यामुळे 'बेरीज' हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द पाच कोडपॉइंट आणि १५ बाइट होतो. नाव साठवायला १६ बाइटचा अ‍ॅरे घेतलास की 'वजाबाकी' कापली जाईल. सीमधलं अक्षर आहे का ते सांगणारं फंक्शन इथे निरुपयोगी, ते एकेक बाइट बघतं. माझा साधा नियम: स्पेस, टॅब, नवी ओळ, कोलन आणि अर्धविराम सोडून जे काही आहे ते नावाचा भाग. हे पाचही एका बाइटचे आस्की (जुन्या इंग्रजी संचातली चिन्हं) आहेत आणि युटीएफ-८ ची गंमत ही की बहुबाइट अक्षराच्या पोटात आस्की बाइट कधीच येत नाही, त्यामुळे बाइटवर बाइट वाचत गेलास तरी चुकणार नाही. तुलनाही बाइट बाय बाइट चालते. प्रिंट करताना मात्र रुंदी देऊन रकाने सरळ करायला जाशील तर ते बाइट मोजतं आणि सगळं वाकडं दिसतं, तिथे टॅब टाकून मोकळा हो.

आकडे दोन्ही घे, देवनागरी आणि इंग्रजी, कारण माणूस कधी कुठला कीबोर्ड लावून बसेल सांगता येत नाही. देवनागरी अंक २२४, १६५ या दोन बाइटने सुरू होतो आणि तिसरा बाइट १६६ ते १७५, त्यातून १६६ वजा केले की अंक हातात.

खरा त्रास सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या बाइटच्या गोष्टींचा. सगळ्यात वरचा नंबर विसर्गाचा. मराठी कीबोर्डवर लोक लेबलनंतर कोलनऐवजी सर्रास विसर्ग टाइप करतात, स्क्रीनवर फरक दिसत नाही आणि असेम्बलर म्हणतो 'मुख्यः' नावाची इन्स्ट्रक्शन माहीत नाही. विसर्ग म्हणजे २२४, १६४, १३१ हे तीन बाइट. अनोळखी शब्दाच्या शेवटी ते दिसले तर 'इथे विसर्ग दिसतोय, कोलन हवा होता का' असं विचार. गुपचूप कोलन समजू मात्र नको, कोणीतरी लेबलला 'स्वतः' नाव देणारच. दुसरं, 'दुसऱ्या' मधला तो आडवा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, त्यातल्या एका पद्धतीत झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर असतं, बाइट २२६, १२८, १४१. 'ॲ' हे एक कोडपॉइंट म्हणूनही येतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही येतं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, म्हणजे लायब्ररी लावली तरी हा प्रश्न तुझा तुलाच सोडवायचाय. यावर मी एवढंच करेन की इन्स्ट्रक्शनची नावं अशी निवडेन ज्यात हे प्रकार येतच नाहीत, ढकल, घे, ठेव, जा, परत, थांब, आणि लेबलमध्ये न दिसणारं अक्षर आलं तर वॉर्निंग देईन. चॅटवरून कॉपी केलेल्या कोडमध्ये न तुटणारी स्पेस असते, १९४ आणि १६०, ती साधी स्पेस समज. आणि काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट चिकटवतात, ते आधीच गाळ, नाहीतर फक्त पहिल्या ओळीतलंच लेबल सापडत नाही आणि डोकं फिरतं.

'हाक' बद्दल राहिलंच. छापणं, वाचणं, वेळ विचारणं, यासाठी प्रत्येकी इन्स्ट्रक्शन करू नको, एकच 'हाक' आणि तिचा नंबर. सीच्या बाजूला फंक्शन पॉइंटरचं टेबल, फंक्शनला व्हीएमचं स्ट्रक्ट मिळतं, ते स्टॅकवरून हवं ते काढतं आणि उत्तर ढकलतं. यामुळे तेच व्हीएम लॅपटॉपवर आणि बोर्डवर दोन्हीकडे चालतं, फक्त टेबल बदलायचं, आणि प्रोग्रॅमला बाहेरचं जग नेमकं किती दिसतं हे एका ठिकाणी कळतं. एकदा दिलेला नंबर परत दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, फंक्शन काढून टाकलं तरी ती जागा रिकामी ठेवायची.

फाइलच्या सुरुवातीला चार ओळखीचे बाइट, मग व्हर्जन, कॉन्स्टंट किती, शब्द किती, सुरुवात कुठून. स्ट्रक्ट जसंच्या तसं फाइलवर ओतू नको, कंपायलर मध्ये भरणीचे बाइट टाकतो, एकेक बाइट काढून खालचा आधी या क्रमाने लिही आणि तसाच वाच.

टेस्टिंगला मी सगळ्यात आधी डिसअसेम्बलर लिहितो, व्हीएमच्याही आधी. सोर्स असेम्बल कर, आलेली फाइल डिसअसेम्बल कर, तो मजकूर परत असेम्बल कर, दोन्ही फाइल बाइट बाय बाइट सारख्या आल्या पाहिजेत (ओळ नंबरचा भाग आणि लेबलची नावं सोडून, ती डिसअसेम्बलरला माहीत नसतात, तो 'ले५', 'ले१४' अशी नावं देईल). यात ऋण ऑपरँड आणि 'बोलाव' चे दोन भाग यांच्यातल्या चुका लगेच बाहेर येतात. मग वरच्या त्या 'नाही चाललं तर' वाल्या दुसऱ्या ओळींपैकी प्रत्येकीसाठी एक छोटा मुद्दाम चुकवलेला प्रोग्रॅम, रिकाम्या स्टॅकवर बेरीज, कोडबाहेर उडी, स्वतःलाच बोलावत राहणारं फंक्शन, आणि अपेक्षित एरर मेसेज. शेवटी असेम्बलरला जाऊ न देता व्हीएमला थेट रँडम बाइटची फाइल दे, बजेट लावून, आणि रात्रभर चालू ठेव. व्हीएमने दर वेळी नीट एरर देऊन थांबायला पाहिजे किंवा बजेट संपवायला पाहिजे. सेगमेंटेशन फॉल्ट आला तर कुठलीतरी दुसरी ओळ लिहायची राहिलीय, ती शोध, आणि मगच कंपायलरच्या नादी लाग.